टाच टेकते का?

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज बचतीचा विषय नाही, कर्जाचा नाही, पापड-लोणच्याच्या ऑर्डरीचाही नाही. आज आपण मुलांच्या पावलांबद्दल बोलणार आहोत. ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांच्या पावलांबद्दल.

नाव अवघड वाटेल, पण असं मूल तुम्ही पाहिलेलं आहे. वर्ष उलटून गेलं तरी बसत नाही. लंगोट बदलताना मांड्या लवकर फाकत नाहीत. उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. टाच वर राहते आणि मूल चवड्यावर उभं राहतं. कुणाचा एकच हात आणि एकच पाय ताठ असतो. गावात अशा मुलाला कुणी लुळं म्हणतं, कुणी खुळं म्हणतं. दोन्ही चूक. यातल्या कितीतरी मुलांची समज चांगली असते, शरीर मात्र त्यांचं ऐकत नाही.

मी डॉक्टर नाही. बचत गटांची समन्वयक आहे. आमच्या गटातल्या एका ताईबरोबर तिच्या मुलासाठी जिल्ह्याच्या दवाखान्याच्या खेपा केल्या. तिथल्या डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टना विचारून विचारून जे समजलं, ते आज सांगते. त्याच्याबरोबर आमच्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. तुमच्या गटात ती होऊ नये, एवढ्यासाठी.

तेव्हा त्या ताईचा मुलगा चार वर्षांचा होता. भिंतीला धरून चवड्यावर चालायचा. त्याची आजी म्हणायची, "लाडानं चालतंय वो तसं, मोठा झाला की टाच टेकंल." मासिक बैठकीत ताईनं तीन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाच्या पायाला स्प्लिंट करायची होती आणि दर आठवड्याला व्यायामाला न्यायला गाडीभाडं हवं होतं. एकजण म्हणाली, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी पैसे फेडंल. पायाला दिलं तर कोण फेडणार?" सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसली. मी इतिवृत्तात लिहिलं, 'पुढील बैठकीत विचार करू.' पुढच्या बैठकीला पेरणी आली, त्याच्या पुढच्या बैठकीला दिवाळी. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत त्याच्या पायात काय झालं, ते आता नीट समजून घेऊ.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला झालेली इजा. मूल पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात ती होते. बाळ फार लवकर जन्मलं, वजन फार कमी होतं, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, कावीळ फार वाढली, मेंदूज्वर झाला, अशी कारणं असतात. कितीतरी मुलांमध्ये नेमकं एक कारण सापडतच नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही आणि गेल्या जन्मीचं पापही नाही. हे घरात सासूला, नवऱ्याला, नणंदेला ऐकवा. दोष काढण्यात जे दिवस जातात, ते मुलाचे जातात.

आता महत्त्वाचं. मेंदूतली ती इजा वाढत नाही. मग पाय वर्षागणिक जास्त वाकडा का होतो?

वासराच्या गळ्यातलं दावं आठवा. वासरू लहान असताना दावं बरोबर बसतं. वासरू वाढतं, दावं तेवढंच राहतं. सैल केलं नाही तर गळ्यात रुततं. पायाचं तसंच आहे. मूल वाढतं तशी पायाची हाडं लांब होतात. पोटरीचा स्नायूही हाडाबरोबर लांबायला हवा. तो लांबतो कधी? मूल धावतं, उकिडवं बसतं, उड्या मारतं, तेव्हा स्नायू ताणला जातो आणि वाढतो. या मुलांच्या पोटरीला मेंदूकडून सारखा 'आवळ, आवळ' असाच निरोप जातो. ती ताठ राहते आणि हाडाच्या वेगानं वाढत नाही. पोटरीच्या खाली टाचेला जोडलेली जाड दोरीसारखी शीर असते, तिला कंडरा म्हणतात. आखडलेली पोटरी त्या कंडरेनं टाच वर ओढून धरते. मग मूल चवड्यावर येतं.

पावलाचं वाकडेपण मुख्य तीन तऱ्हांचं असतं. पहिलं हेच, टाच उचललेली आणि भार चवड्यावर. दुसऱ्यात पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि भार बाहेरच्या कडेवर येतो. करंगळीच्या बाजूला घट्टे पडतात, घोटा मुरगळतो, मूल सारखं पडतं. एकाच बाजूचा हातपाय ताठ असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. तिसऱ्यात पाऊल बाहेर वळतं, तळव्याची कमान बसते आणि आतली कडा जमिनीला घासते. दोन्ही पाय ताठ असलेल्या मुलांत हे पुष्कळदा होतं. इथे फसायला होतं. तळवा पुरता टेकलेला दिसतो, आपल्याला वाटतं पाय सुधारला. खरं तर टाच अजून वरच असते आणि पाऊल मधूनच मोडल्यासारखं वाकलेलं असतं.

जन्मतःच पाऊल आत वळलेलं असतं, ते वेगळं. काही मुलांचा मेंदू, हात, समज सगळं ठीक असतं, फक्त पाऊल वाकडं असतं. त्याला क्लबफूट म्हणतात. त्याचं प्लास्टर जन्मानंतर पहिल्या आठवड्यांतच सुरू करतात. म्हणून 'शेजारणीच्या बाळाचा पाय प्लास्टरनं सरळ झाला, आपलाही होईल' असा हिशोब लावू नका. दोन्हीचं मूळ निराळं आणि उपचारही निराळे.

आता घरी काय बघायचं? मूल गाढ झोपलेलं असताना त्याच्या पायथ्याशी बसा. गुडघा सरळ ठेवा. टाच तळहातात घ्या आणि पाऊल हळूहळू वर, नडगीकडे आणा. पाऊल नडगीशी काटकोनात येतं का? आपण उभं असताना असतं तसं? येत असेल तर वाकडेपण अजून ताठपणामुळे आहे, स्नायू पुरता आखडलेला नाही. जागेपणी चवड्यावर आणि झोपेत सैल, असा तो पाय असतो. झोपेतही पाऊल काटकोनात येत नसेल, मध्येच अडत असेल, तर स्नायू खरंच आखूड झाला आहे. जोर लावून बघू नका. ही फक्त आपल्या समजुतीची खूण आहे, निदान डॉक्टरच करतील. ते गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही रीतीनं पाहतात. त्यावरून पोटरीचा कोणता भाग आखडला ते त्यांना कळतं.

आमच्या ताईच्या मुलाचा पाय चौथ्या वर्षी झोपेत सहज काटकोनात यायचा. सहाव्या वर्षी येईना.

उपचारांकडे वळू. ते पायऱ्यापायऱ्यांचे असतात.

पहिली पायरी व्यायामाची आणि पायावर भार देण्याची. फिजिओथेरपिस्ट ताण द्यायला शिकवतात. टाच आपल्या तळहातात घट्ट धरायची, हाताचा पुढचा भाग मुलाच्या तळव्याला लावायचा आणि हळू ताण देऊन थोडा वेळ धरून ठेवायचं. झटका द्यायचा नाही. नुसता चवडा धरून वर ढकलायचा नाही, त्यानं टाच तशीच राहते आणि पाऊल मधून वाकतं. हे एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा, हात बरोबर पडतो का विचारा. पण दिवसातून पाच मिनिटं ताण दिला की काम झालं, असंही नाही. खरा उपयोग होतो तो पाय बराच वेळ नीट स्थितीत राहिल्यानं. म्हणून आधाराच्या चौकटीत उभं करणं, खुर्चीत बसताना पावलं खाली टेकलेली ठेवणं, हे दिवसभराच्या कामातच बसवावं लागतं.

तेलाच्या मालिशनं मुलाला बरं वाटत असेल तर जरूर करा. पण मालिशनं आखडलेला स्नायू लांब होत नाही. रगडून, ओढून, 'शीर बसवणाऱ्या'कडे नेऊन तर मुळीच नाही. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, ओढताना मोडतात. डाग देणं, बिब्बा घालणं यानं मूल भाजतं, पाय आहे तसाच राहतो.

दुसरी पायरी स्प्लिंटची. गुडघ्याच्या खालपासून बोटांपर्यंत येणारा प्लॅस्टिकचा आधार असतो. मुलाच्याच पायाचा साचा घेऊन करतात. तो पाऊल काटकोनात धरून ठेवतो. आत सुती मोजा घालायचा, त्याला चुणी पडू द्यायची नाही. टाच मागे खाली पूर्ण बसवायची, मग घोट्यावरचा पट्टा आधी लावायचा. काढल्यावर पायावर लाल वळ दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट कुठेतरी टोचते आहे. ती फेकू नका, कोपऱ्यात ठेवू नका, दुरुस्तीला न्या. मूल वाढलं की ती लहान पडते, नवी करावी लागते. वर बूट थोडा मोठ्या मापाचा लागतो. किती तास घालायची ते फिजिओथेरपिस्टना विचारा. मी कितीतरी घरांत स्प्लिंट खुंटीला टांगलेली पाहिली आहे. खुंटीवरच्या स्प्लिंटनं पाय सरळ होत नाही.

तिसरी पायरी प्लास्टरची. थोडा आखडलेला पाय असेल तर हळू ताण देऊन प्लास्टर घालतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी काढून, जरा जास्त सुधारलेल्या स्थितीत पुन्हा घालतात. असं काही आठवडे चालतं.

त्याच्याच जोडीला बोट्युलिनम नावाचं इंजेक्शन असतं. ते ताठ स्नायूत देतात. त्यानं स्नायू काही काळ सैल पडतो, साधारण तीन महिने, कधी थोडे जास्त. नंतर परिणाम ओसरतो. त्या सैल दिवसांत व्यायाम आणि स्प्लिंट नेमानं केली तरच इंजेक्शनचा पैसा कारणी लागतो. आणि पाय पुरता आखडून गेला असेल तर त्याचा फारसा उपयोग नसतो. झोपेत पाऊल वर येतं का, हे बघायला मी का सांगितलं, ते आता लक्षात आलं असेल. सैल पायाला जे उपाय चालतात, ते आखडलेल्या पायाला पुरत नाहीत.

शेवटची पायरी ऑपरेशनची. आखूड पोटरी किंवा कंडरा लांब करतात. पाऊल आत वळत असेल तर ओढणाऱ्या स्नायूची कंडरा अर्धी किंवा पूर्ण दुसरीकडे जोडतात. पाऊल बाहेर वळून सपाट झालं असेल तर हाडावर काम करावं लागतं. चालणाऱ्या मुलांत डॉक्टर शक्यतो सहा-सात वर्षांच्या पुढे ऑपरेशन करतात, कारण फार लहानपणी केलं तर वाढीत पाय पुन्हा आखडण्याची भीती जास्त असते. म्हणून 'आत्ताच का नाही करत' म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. आणि 'अजून वेळ आहे' म्हणून घरीही बसू नका. मधली वर्षं व्यायामाची आणि स्प्लिंटची आहेत.

आणखी एक सावधगिरी. पाय फक्त पावलात वाकडा नसतो, गुडघा आणि खुबाही आखडलेले असतात. जाणकार डॉक्टर चालणं पूर्ण तपासून जे करायचं ते एकाच वेळी करतात. दरवर्षी एक ऑपरेशन, असं नाही. कंडरा गरजेपेक्षा जास्त सैल झाली, तर मूल पुढे गुडघे वाकवून, दबून चालायला लागतं आणि ते सुधारणं फार कठीण असतं. त्यामुळे कुणी पहिल्याच भेटीत, कुठल्यातरी शिबिरात, 'छोटीशी शीर कापू, पोरगं पळायला लागेल' म्हणालं, तर थांबा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर नेहमी काम करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या. विचारा: ऑपरेशननंतर किती दिवस प्लास्टर? किती महिने व्यायाम? स्प्लिंट किती वर्षं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका. ऑपरेशननं मेंदू बरा होत नाही. पाय मात्र टेकता येतो.

जे मूल कधीच चालणार नाही, त्याच्या पायाचं काय? 'चालणारच नाही तर कशाला' असं म्हणतात, ते बरोबर नाही. त्याचं पाऊल खुर्चीच्या पायरीवर टेकायला हवं, चप्पल बसायला हवी, कडेला जखम व्हायला नको. दोन्ही पायांवर क्षणभर उभं राहता आलं, तर त्याला अंथरुणातून खुर्चीत घेताना आईची कंबर वाचते. मूल बारा वर्षांचं झालं की हे पटतं. अशा मुलांचा खुबा हळूहळू निखळतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

आता कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी लपवू नका, पुढे करा. पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांची सेवा मोफत असते. पथकाची वाटही बघायची गरज नाही, आशाताईला सांगा. मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची शारीरिक पुनर्वसन संस्था आहे, तिथेही तपासणी, व्यायाम, स्प्लिंट एकाच आवारात होतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पुष्कळ सवलती लागू होतात, एसटीच्या तिकिटातही. सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निरामय नावाचा आरोग्य विमा या मुलांसाठीच आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात नेहमीचे व्यायाम आणि प्रवास हेही धरलेले आहेत. पैसे नंतर मिळतात, म्हणून प्रत्येक पावती जपा. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर एडिप योजनेतून स्प्लिंट, खुर्ची मिळते. ऑपरेशन योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आता आमच्या ताईच्या मुलाचं. सहाव्या वर्षी त्याला प्लास्टर घातली, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. आठव्या वर्षी पोटरीचं आणि गुडघ्यामागच्या स्नायूंचं ऑपरेशन एकाच वेळी झालं. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर रोज व्यायाम. मी डॉक्टरांना एकदा बाजूला गाठून विचारलं, "चौथ्या वर्षी स्प्लिंट झाली असती तर हे टळलं असतं का?" ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. सगळं केलं तरी काही मुलांना ऑपरेशन लागतंच. पण पाय सैल होता ती दोन वर्षं हातची गेली, एवढं खरं."

त्या पुढच्या बैठकीत मी जुनं इतिवृत्त काढून ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पुढील बैठकीत विचार करू.' कुणी हसलं नाही. शेळीचं बोलणारीनंच विचारलं, "मग आता काय करायचं ते लिही."

आम्ही दोन गोष्टी लिहिल्या. दरमहा बचतीतले प्रत्येकी दहा रुपये मुलांच्या उपचारासाठी वेगळे ठेवायचे, त्यावर व्याज नाही. दुसरी गोष्ट पाळीची. दवाखान्याच्या दिवशी एकजण ताईबरोबर जाणार, एकजण तिची जनावरं आणि धाकटी मुलगी बघणार. खरं सांगते, पैशांपेक्षा ही पाळीच जास्त उपयोगी पडली. ताईचा व्यायामाचा दिवस चुकायचा तो पैसा नव्हता म्हणून थोडा, घरी कुणी नव्हतं म्हणून जास्त.

मुलगा आता शाळेत जातो. स्प्लिंट घालून, थोडं डोलत. कधी पडतो, उठतो. वाढीच्या वयात पाय पुन्हा आखडू शकतो, म्हणून तपासणी चालू आहे. तो सगळ्यांसारखा पळत नाही, पळेल असं कुणी सांगितलेलंही नाही. पण शाळेच्या ओट्यावर उभा राहतो तेव्हा टाच खाली असते. त्याची आजीच आता दुसऱ्यांच्या नातवंडांच्या पायांकडे बघते आणि विचारते, "टाच टेकती का गं ह्याची?"

तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की हाच प्रश्न विचारा. आपल्या गल्लीत, वस्तीवर, पलीकडच्या पाड्यावर असं मूल आहे का? त्याची टाच टेकते का? नसेल टेकत, तर त्याच बैठकीत ठरवा, त्याच्या आईबरोबर दवाखान्यात कोण जाणार. नाव लिहा, वार लिहा. पुढच्या बैठकीवर ठेवू नका.